फोन घरात आला; पण कोणाच्या हातात?

(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



वर्गाच्या ताईंनी आम्हांला सांगितले, "गुरुजी, आज इंटरनेटवर बोला." आम्ही म्हटले, बोलतो. पण आधीच सांगून ठेवतो, आम्ही इंजिनियर नव्हे. आम्ही प्राथमिक शाळेतले निवृत्त हेडमास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे मास्तरकीचे. यंत्राच्या पोटात काय असते ते आम्ही थोडेच सांगू. पण यंत्राच्या दारात कोण उभे राहते, कोणाला आत घेतात आणि कोण बाहेर तिष्ठत बसते, हे आम्ही रोज पाहतो. बोलायचे आहे ते त्याबद्दल.

तुम्ही सारे यंदा वाचायला शिकलात. कशासाठी शिकलात? कोणी म्हणाले, एस.टी.ची पाटी वाचता यावी. कोणी म्हणाल्या, बचत गटाच्या वहीत सही करता यावी. एक आजी मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माज्या नावावर काय लिवलंय ते मला कळाया पायजे. दुसऱ्यानं वाचून दावलं, तर खरं कोणचं न् खोटं कोणचं?" आजींच्या या बोलण्यात सगळी साक्षरता आली.

पूर्वी गावात पत्र आले की ते घेऊन लोक मास्तरकडे नाही तर पोस्टमनकडे जात. घरातली सुखदुःखे परक्याच्या तोंडून ऐकायची. सावकाराच्या कागदावर काय आहे ते न वाचता अंगठा उठवायचा. त्या अंगठ्यापायी किती जमिनी गेल्या, ते तुमच्या वाडवडिलांना ठाऊक होते. म्हणून १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली. रात्री दिवे लावून गावेच्या गावे शिकली. अंगठा गेला, सही आली.

आणि आता गंमत पाहा. रेशनच्या दुकानात जा, यंत्र म्हणते अंगठा लावा. बँकेच्या माणसाकडे जा, अंगठा लावा. जो अंगठा मिटवायला आपल्या लोकांनी रात्री जागवल्या, तोच अंगठा पुन्हा पुढे करावा लागतो. तेव्हा कागदावर काय आहे ते कळत नव्हते. आता पडद्यावर काय आहे ते कळत नाही. तेव्हा जो वाचून दाखवायचा त्याच्या हाती आपण होतो. आता ज्याच्या हाती फोन आहे त्याच्या हाती आपण आहोत.

इंटरनेट म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. जगातली असंख्य यंत्रे एकमेकांना जोडलेली आहेत. एका यंत्रातले लिखाण, चित्र, आवाज दुसऱ्या यंत्रात जाऊ शकतात. हे सारे आकाशातून जाते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. देशादेशांमधले बहुतेक काम समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांतून चालते. त्या तारांत केसासारखे बारीक काचेचे धागे असतात आणि त्यांतून उजेड धावतो. अशा कितीतरी तारा आपल्या मुंबईला, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, जमिनीला लागतात. तेथून जमिनीखालच्या तारांनी शहरांत, आणि शेवटी टॉवरपर्यंत. टॉवरपासून तुमच्या फोनपर्यंतचा तुकडा हवेतला. त्यालाच आपण रेंज म्हणतो.

सामान्य लोकांसाठी हे आपल्या देशात १९९५ साली, १५ ऑगस्टला सुरू झाले. म्हणजे तीस वर्षे उलटून गेली. जगाची तार आपल्याच राज्याच्या किनाऱ्याला लागते, आणि त्याच राज्यातल्या सातपुड्याच्या किंवा सह्याद्रीच्या एखाद्या पाड्यावर पोराला फोन धरून टेकडी चढावी लागते. असे का?

याला कारणे आहेत. हवेतल्या त्या लहरींना डोंगर आडवा येतो. पलीकडच्या खोऱ्यात टॉवर असला तरी अलीकडच्या वाडीला त्याचा उपयोग नाही. शिवाय टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल. घाटात डिझेल चढवायचे म्हणजे खर्च. कंपनी हिशेब करते, एका टॉवरमागे गिऱ्हाइके किती? शहरात एका इमारतीत जेवढी माणसे, तेवढी आपल्या चार वाड्या मिळून नाहीत. कंपनी धर्मादाय करायला बसलेली नाही, हे खरे आहे. आम्ही त्यांच्यावर रागावत नाही.

पण याचसाठी सरकारने २००२ साली एक निधी काढला. देवळाच्या वर्गणीसारखाच प्रकार म्हणा ना. टेलिफोन कंपन्यांनी आपल्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा त्यात घालायचा आणि जेथे धंदा परवडत नाही तेथे त्या पैशांतून सोय करायची. आता त्या निधीला 'डिजिटल भारत निधी' असे नाव आहे. त्यातूनच २०११ साली मंजूर झालेली, अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याची योजना चालते. तिला आता 'भारतनेट' म्हणतात. म्हणजे डोंगरातल्या टॉवरसाठी अर्ज करणे ही भीक नव्हे. त्यासाठी वर्गणी जमलेली आहे. मात्र तार आली म्हणजे काम झाले असे समजू नका. आमच्या शेजारच्या एका ग्रामपंचायतीत तार आली, पेटी बसली, पेटीला कुलूप लागले. किल्ली कोणाकडे, हे विचारता विचारता दोन पावसाळे गेले. पेटीवर पाल मात्र सुखाने राहत होती.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, तुम्ही जुन्या गोष्टी सांगता. आता तर घरोघरी फोन आहेत." बरोबर आहे. २०१७-१८ साली सरकारी पाहणी झाली, तेव्हा देशातल्या खेड्यांत शंभर घरांपैकी पंधरा घरांत इंटरनेट होते. २०१६ च्या सप्टेंबरात एक नवी कंपनी उतरली, चढाओढ लागली, नेट स्वस्त झाले. २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा पाहणी झाली, तेव्हा खेड्यांतल्या शंभर घरांपैकी सुमारे ८३ घरांत इंटरनेट निघाले. ही मोठी गोष्ट आहे. नाही कशाला म्हणायचे?

पण मंडळी, घरात फोन असणे आणि तुमच्या हातात फोन असणे, यांत अंतर आहे. घरात भाकरी असते. पण बाईच्या ताटात ती शेवटी पडते. तसेच हे.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी झाली. तीत एक प्रश्न होता: तुम्ही आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरले आहे का? खेड्यांतल्या शंभर पुरुषांपैकी ४९ जण हो म्हणाले. बायकांपैकी किती? शंभरांत २५. लक्षात घ्या, रोज नव्हे, एकदा तरी. २०२४ साली 'असर' नावाच्या पाहणीत खेड्यांतली १४ ते १६ वर्षांची मुले-मुली पाहिली. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी शंभरांत ३६ जणांचा स्वतःचा फोन होता. मुलींत २७ जणींचा. फोन वापरायला पोरगीही शिकते. पण तो पोराच्या खिशात राहतो.

एक प्रसंग सांगतो. आमच्या ओळखीच्या एक विधवा बाई. वय साठीच्या पुढे. सरकारी मदतीचे पैसे महिन्याच्या महिन्याला खात्यात येत. एकदा ते थांबले. बाई आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्या. तेथल्या केंद्रावर सांगण्यात आले, "केवायसी करा." केवायसी म्हणजे, हा माणूस तोच आहे याची खात्री. बाई म्हणाल्या, "मीच हाय की! समोर हुबी हाय." पण समोर उभ्या असलेल्या माणसाचे चालत नाही. फोनवर ओटीपी यावा लागतो. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा चोरआकडा. थोडा वेळ जिवंत असतो, मग मरतो. बाईंच्या आधारला नंबर कोणाचा? मुलाचा. मुलगा कोठे? चाकणला कारखान्यात. पाळीच्या वेळी फोन बाहेर पेटीत ठेवावा लागतो. बाई इकडे खिडकीशी, आकडा तिकडे कुलपात. तो मेला. दुसरा मागवला, तोही मेला. तोवर बाईंच्या मागे रांग लागली आणि लोक कुरकुरू लागले. बाईंची एस.टी. गेली. त्या दिवशीची मजुरी बुडाली, जाण्यायेण्याचे भाडे गेले, केंद्रवाल्याने पैसे घेतले ते वेगळेच. असे तीन वेळा झाले.

आता या बाईंच्या गावात रेंज आहे. घरात मोठा फोनही आहे. पाहणी करणारा आला तर त्यांच्या घरापुढे खूण करील, इंटरनेट आहे. त्या खुणेत त्या बाई कोठे आहेत?

फोन ठेवायचा म्हणजे खर्चही आलाच. रिचार्ज बहुधा २८ दिवसांचा असतो. कोणत्या पंचांगात महिना २८ दिवसांचा असतो ते आम्हांला सापडलेले नाही. हिशेब करा. वर्षाचे महिने बारा, पण २८ दिवसांचे रिचार्ज तेरा लागतात. ज्याचा पगार महिन्याचा त्याला एवढे जाणवत नाही. ज्याची मजुरी पावसावर, त्याचा फोन पावसाळ्यात बंद पडतो. आणि रिचार्जविना फार दिवस राहिले की येणारे संदेशही थांबतात. पुढे नंबरच दुसऱ्याला जातो. म्हणजे तुमच्या आधारचा चोरआकडा कोण्या परक्याच्या फोनवर वाजणार!

करोनाच्या दिवसांत हे सारे उघडे पडले. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. वरून सांगणे आले, शिक्षण चालू राहील, फोनवरून. आमच्या महाराष्ट्रातले एक शिक्षक, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले. त्यांनी पाठ्यपुस्तकात काळे-पांढरे चौकोन छापण्याची युक्ती चालवली होती. फोन त्यावर धरला की धडा बोलू लागतो. २०२० च्या डिसेंबरात त्यांना जगातल्या शिक्षकांचे मोठे बक्षीस मिळाले. आम्हां मास्तरांची छाती फुगली. युक्ती चांगलीच आहे. पण ज्या घरात फोन नाही, त्या घरात तो चौकोन म्हणजे नुसता काळा डाग. त्या वर्षी शाळेला कुलूप होते आणि कितीतरी पोरांच्या पुस्तकात चौकोन मुकेच राहिले.

त्यावरही मास्तरांनी वाट काढली. सोलापुरातच नीलमनगर नावाची कामगारांची वस्ती आहे. तेथल्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. पाढे, व्याकरण, शास्त्र. पोरे अंतर राखून गल्लीत उभी राहायची आणि भिंत वाचायची. पालघर जिल्ह्यातल्या एका आदिवासी गावात कर्ण्यावरून धडे ऐकवले. आम्हांला हे ऐकून बरे वाटले आणि वाईटही वाटले. बरे अशासाठी, की माणसाने हार मानली नाही. वाईट अशासाठी, की शहरातल्या पोराला बाई पडद्यावर रोज दिसत होत्या आणि आपल्या पोराला भिंत. त्या दोन वर्षांत किती पोरी शाळेतून कायमच्या सुटल्या आणि बोहल्यावर उभ्या राहिल्या, ते तुम्ही आपापल्या गावात मोजा. आम्ही काय सांगावे?

पुढे लस आली. २०२१ च्या १ मे रोजी १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली. पण अट अशी की आधी 'कोविन' नावाच्या पानावर नाव घालायचे, तारीख घ्यायची. ते पान पहिले काही महिने इंग्रजीत होते. मराठी वगैरे आपल्या भाषा त्यावर जूनमध्ये आल्या. लस कमी, मागणारे फार. जागा उघडली की काही क्षणांत संपायची. ज्याचे नेट वेगवान त्याला जागा. शहरातली तरुण मंडळी खेड्यातल्या केंद्रावरच्या जागा घेऊन मोटारीने येत, दंडाला सुई टोचून परत जात. केंद्राच्या शेजारच्या घरातला माणूस ओट्यावर बसून पाहत राही. त्यांनी काही चोरी केली नाही, नियमानेच केले. पण नियमच असा की ज्याच्या हाती यंत्र त्याच्या दंडात लस.

हे सर्वोच्च न्यायालयाच्या ध्यानात आले. ३१ मे २०२१ च्या आदेशात न्यायालयाने सरकारला विचारले, ज्यांच्याजवळ इंटरनेट नाही, ज्यांना ते चालवता येत नाही, त्यांनी काय करायचे? खेड्यांत नेट किती आहे त्याचे आकडेही न्यायालयाने मांडले. पुढे जून महिन्यात नियम सैल झाला. केंद्रावर जावे, तेथेच नाव सांगावे, लस घ्यावी. नाव घालणारे यंत्र तेच राहिले; फक्त ते चालवायला खिडकीत माणूस बसला. तेवढ्याने आपल्या गावांना लस मिळाली.

या गोष्टीत मुद्दा आहे, म्हणून ती लांबवली. आम्ही यंत्राच्या विरुद्ध नाही. सातबारा घ्या. पूर्वी सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे हिंडावे लागे. आज तलाठी बाजारात गेले, उद्या मीटिंगला गेले. १ मे २०१८ पासून आपल्या राज्यात डिजिटल सहीचा सातबारा निघू लागला. पंधरा रुपये भरा, घरबसल्या घ्या. आम्ही स्वतः घेतला. फार सोय झाली. ज्याला जमते त्याने जरूर घ्यावा. आमचे म्हणणे एवढेच की पुढचे दार चकचकीत केले म्हणून मागचे दार विटा लावून बुजवू नये.

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून फोनने पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कल्पना चांगली. माझे पीक मीच सांगणार. पण ज्या म्हाताऱ्याजवळ बटनाचा फोन आहे त्याचे पीक फोटोत येणार कसे? शेत हिरवे आणि सातबाऱ्यावर रकाना कोरा. गारपीट झाली की भरपाईवाला कोरा रकानाच पाहणार. म्हणून सांगतो, मुदत संपण्याआधी गावासाठी नेमलेल्या सहायकाला गाठा, तलाठ्याला गाठा, आणि नोंद झाली की नाही ते आपल्या डोळ्यांनी वाचा. वाचता येते ना आता?

कोणी कोणी आम्हांला विचारतात, "नेट नाही तेच बरं न्हाई का? पोरं बिघडत्यात." खोटे नाही. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तेथे २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला, आणि दीड तास टी.व्ही. बंद, मोबाइल बंद, पोरे अभ्यासाला. आम्हांला ते फार आवडले. पण त्या गावाने फोन आपल्या मर्जीने बाजूला ठेवला, आणि दीड तासाने पुन्हा उचलला. आपल्या वरच्या वाडीला तो ठेवायला आधी मिळाला पाहिजे.

आता अंगठ्याकडे पुन्हा येऊ. देशातले पहिले आधार कोठे दिले गेले, ठाऊक आहे? आपल्या महाराष्ट्रात. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. पंतप्रधान स्वतः आले होते. म्हणजे या कामाची सुरुवात एका आदिवासी भागातल्या खेड्यापासून झाली. पण यंत्राला खेड्यातला हात अजून नीट कळलेला नाही. ऊस तोडणाऱ्याचा, विटा वाहणारीचा, भांडी घासणारीचा अंगठा झिजतो. रेषा पुसतात. यंत्र म्हणते, जुळत नाही. ज्याने आयुष्यभर हाताने काम केले त्याचाच हात खोटा ठरतो आणि ज्याने गादीवर बसून काढले त्याचा खरा ठरतो.

अशा वेळी हात हलवीत परत येऊ नका. अंगठा जुळला नाही, नेट नव्हते, आधार नाही, या कारणांनी कोणाचे हक्काचे धान्य वा मदत नाकारू नये, असे आधारच्या खात्याने २०१७ च्या ऑक्टोबरातच लेखी कळवलेले आहे. दुसरा मार्ग द्यावा आणि तशी नोंद वहीत करावी, असेही त्यात आहे. दुकानदाराला नम्रपणे म्हणा, "भाऊ, वहीत नोंद करा." भांडू नका, पण हलूही नका. बोटे चालत नसतील तर डोळ्यांवरून ओळख पटवता येते. आधार केंद्रावर जाऊन बोटे पुन्हा नोंदवता येतात. आणि आधारला नंबर घालताना ज्याच्याजवळ तुम्ही राहता त्याचा घाला. जमले तर स्वतःचाच. बटनाचा फोन चालतो. ओटीपी बटनाच्या फोनवरही येतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट. आपल्या राज्यात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. दाखला, उतारा, जे जे त्या यादीत आहे, त्यासाठी अर्ज केला की पोच मिळाली पाहिजे. किती दिवसांत काम होईल, तेही कळले पाहिजे. झाले नाही तर वरच्या साहेबाकडे अपील करता येते. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "सर्व्हर डाऊन आहे" हे आजकालचे नवे "साहेब जेवायला गेलेत" आहे. ते ऐकले की म्हणा, "बरं, मग आजच्या तारखेची पोच द्या."

न्यायालयही आता आपल्या बाजूने बोलू लागले आहे. ॲसिड टाकल्यामुळे डोळे आणि चेहरा गेलेल्या एका बाईंनी बँकेत खाते काढायचे ठरवले. यंत्र म्हणाले, कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटा, उघडा. म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे कळेल. त्या बाईंना पापण्या मिटता येत नव्हत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की या यंत्रांच्या जगात प्रवेश मिळणे हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अपंगांना, खेड्यातल्यांना, म्हाताऱ्यांना, गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही. निकाल झाला. तो आपल्या तालुक्याच्या खिडकीपर्यंत चालत यायला वेळ लागेल. आपणही चार पावले पुढे जाऊन त्याला घेऊन यावे.

बायाबापड्यांना एक सांगणे आहे. घरातल्या फोनचा एक तास तुमचा ठरवून घ्या. सुनेचा, लेकीचा, सासूचा. पोराला म्हणा, मला तू करून देऊ नकोस, मला दाखव. बटण मी दाबीन. पोरे चिडतात, "तुला नाही जमणार" म्हणतात. सायकल शिकताना तीच पोरे सतरा वेळा पडली होती, तेव्हा आपण काय म्हणालो होतो? आणि घाबरू नका. नुसते पाहिल्याने फोन बिघडत नाही. मात्र चोरआकडा कोणाला सांगू नका, मग तो बँकेचा साहेब म्हणवो की पोलीस. आपल्याला पैसे येणार असतील तर आपला पिन दाबावा लागत नाही. पिन दाबला की पैसे जातात, येत नाहीत. फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नका, लगेच १९३० या नंबरला फोन लावा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

आता कामाचे. आपल्या वरच्या वाडीला अजून रेंज नाही. ताईंनी फळ्यावर एक अर्ज लिहिला आहे. मायना, विषय, वाडीचे नाव, घरे किती, शाळेत पोरे किती, दवाखाना किती लांब. गाळलेल्या जागा तुम्ही भरायच्या. शेवटी सही. अंगठा नको. हा अर्ज येत्या ग्रामसभेत वाचायचा आहे, आणि तो वरच्या वाडीच्या बायकांनीच वाचायचा, आम्ही वाचणार नाही. ठरावाची नक्कल मागून घ्या. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. त्याच सभेत आपल्या पंचायतीच्या पेटीची किल्ली कोणाकडे असते, तेही विचारून टाकू.

ज्यांना लांबून फळा दिसत नाही त्यांनी पुढे येऊन बसावे. वह्या काढा.